जिवतीच्या शुक्रवारी जग बुडणार होतं

"तिला तिच्या पोराला भेटू का देत नाहीत?" आईनं विचारलं आणि मी सिनेमा थांबवला.

पडद्यावर सारा कॉनर मनोरुग्णालयाच्या खोलीत डॉक्टरसमोर बसली होती. केस नीट बांधलेले, आवाज मुद्दाम मऊ केलेला. सहा महिने नीट वागलीस तर कमी पहाऱ्याच्या विभागात हलवू, मग मुलाला भेटता येईल, असं तिला सांगितलेलं असतं. ती नीट वागलेली असते. आता तो म्हणतो, तू नाटक करतेयस.

'टर्मिनेटर टू : जजमेंट डे' मी आजवर वीस-पंचवीस वेळा तरी पाहिला असेल. त्या बाईला फक्त आपल्या मुलाला भेटायचंय, एवढी साधी गोष्ट एकदाही माझ्या मनात शिरली नव्हती. लहानपणी हॉस्पिटल आलं की आम्ही कॅसेट पुढे पळवायचो. पुढे त्या वॉर्डातला पाठलाग तेवढा बघायचो. ती तिथून का पळतेय, हा प्रश्नच पडला नाही.

गेल्या श्रावणात आई कराडहून पुण्याला माझ्याकडे राहायला आली होती. पाऊस असा लागला होता की चार दिवस तिला खाली देवळातसुद्धा जाता आलं नाही. एका रात्री ती म्हणाली, "तुझा तो लोखंडी माणसाचा पिक्चर लाव की. तू लहानपणी सारखा बघायचास, मी कधी धड बघितलाच नाही." सिनेमा इंग्रजी, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत गेलो. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की प्रत्येक वाक्य आधी आपल्याला ऐकावं लागतं. तो सिनेमा मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला.

आम्ही तो पहिल्यांदा बघितला १९९७ च्या मे महिन्यात. मावसभाऊ, आमचा दादा, सुट्टीला आला होता, अकरावी सायन्सला होता. त्यानं कॅसेट लायब्ररीतून दहा रुपये भाड्यानं कॅसेट आणली. स्टिकरवर बॉलपेननं 'टर्मिनेटर २' लिहिलेलं. इतक्या घरांतून फिरून आलेली की चित्राच्या खालच्या अंगाला सतत पांढऱ्या रेघा थरथरत होत्या. आमच्यापैकी कुणालाच इंग्रजी कळत नव्हतं. दादाला थोडं कळत होतं, तो मधेमधे एखादं वाक्य सांगायचा. बाकी सगळं आम्ही डोळ्यांनीच समजून घेतलं. संगीतकार ब्रॅड फीडेलचा तो लोखंडावर घण पडल्यासारखा ठेका मात्र लगेच कळला. आठवडाभर आम्ही तो जेवणाच्या ताटांवर वाजवत होतो.

साराचा मुलगा जॉन कॉनर दहा वर्षांचा. मीही दहा वर्षांचा. मला एवढं पुरेसं होतं.

आता कळतं की दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉननं तो पहिला अर्धा तास कसा रचलाय. १९८४ च्या पहिल्या भागात अर्नोल्ड श्वार्झनेगर माणसाच्या रूपातलं मारेकरी यंत्र होता. म्हणून १९९१ साली थिएटरात बसलेल्या माणसाला वाटावं, हाच पुन्हा आला, आता पोराला मारायला. दुसरा सडपातळ, पोलिसाच्या गणवेशातला, तोच वाचवणारा असणार. जाहिरातींनी ते गुपित आधीच फोडलं होतं, पण आम्ही जाहिरातीही पाहिल्या नव्हत्या आणि पहिला भागही नाही. आमच्यासाठी ते दोन अनोळखी पुरुष होते, आणि दोघंही एकाच पोराला शोधत होते.

आणि मग मॉलमागचा तो बोळ. जॉन पळत येतो. समोरून अर्नोल्ड, हातात गुलाबांचा लांब खोका. खोका उघडतो, आतून बंदूक निघते, फुलं खाली पडतात आणि त्याचा बूट त्यांच्यावर पडतो. जॉन मागे वळतो, तर मागे पोलीस. पुढं हा, मागं तो. अर्नोल्ड बंदूक रोखतो आणि म्हणतो, खाली वाक. पोरगं वाकतं. पोलिसाच्या गोळ्या सुटतात तेव्हा हा पुढे होऊन जॉनला पोटाशी धरतो आणि गोळ्यांकडे पाठ करून उभा राहतो. गोळ्या त्याच्या पाठीत शिरताना दिसतात. तो हलत नाही.

एवढ्या मोठ्या सिनेमात सगळ्यात मोठी गोष्ट मला आजही ती पाठ वाटते. त्यानंतर कालव्यातला ट्रकचा पाठलाग येतो, हेलिकॉप्टर येतं, नायट्रोजनचा टँकर येतो. पण आपण त्याच्या बाजूचे होतो ते त्या पाठीमुळे. एकाही संवादाशिवाय.

आईनं तो प्रसंग पाहिला आणि म्हणाली, "कोंबडी अशीच बसते पिल्लांवर."

त्या मे महिन्यात दादानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. सिनेमाच्या सुरुवातीलाच येतं म्हणे, २९ ऑगस्ट १९९७ ला अणुयुद्ध होणार आणि तीनशे कोटी माणसं मरणार. मी ती तारीख भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली. जून गेला, जुलै गेला. मी कुणाला बोललो नाही. मोठ्यांना सांगून विश्वास बसणार नाही, हे साराला पाहून कळलंच होतं. तेवढी एक गोष्ट मी त्या हॉस्पिटलातून उचलली होती.

२९ ऑगस्ट शुक्रवारी आला. श्रावणातला शेवटचा शुक्रवार, म्हणजे जिवतीचा.

ज्यांच्या घरी जिवती असते त्यांना तो कागद डोळ्यांपुढे येईल. देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवलेला, वरती नरसिंह, मग कालियावर नाचणारा कृष्ण, मग लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. त्याला आघाडा-दूर्वांची माळ, कापसाचं गेजवस्त्र. संध्याकाळी आई पुरणाचे दिवे करून आम्हा दोघा भावांना ओवाळायची. बायका दूध-फुटाण्यांना यायच्या. हे सगळं मुलांसाठी. मुलांना आयुष्य मिळावं म्हणून.

सिनेमात ते अणुयुद्ध घडवणाऱ्या यंत्राला जाग येते ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात पहाटे २ वाजून १४ मिनिटांनी. आपल्याकडे तेव्हा ११ वाजून ४४ मिनिटं झालेली असतात, हा हिशेब मी फार नंतर केला. त्या दिवशी मी शाळेतून घरी येऊन पाटावर बसलो तेव्हा मला वाटत होतं, अजून रात्र बाकी आहे. आजी जपमाळ घेऊन कोपऱ्यात होती. मी तिला विचारलं, ही जरा कोण? ती म्हणाली, "राक्षसीण होती. राजाच्या दोन राण्यांना अर्धं अर्धं मूल झालं, दायांनी ते टाकून दिलं. हिनं दोन्ही शकलं उचलून जोडली आणि पोर रडायला लागलं. जरेनं सांधलं म्हणून जरासंध."

जरासंध मला माहीत होता. भीमानं उभा चिरला की परत जुळणारा. आणि तो मी पाहिलाही होता! तो पोलिसाच्या गणवेशातला, म्हणजे रॉबर्ट पॅट्रिकनं केलेलं टी-१००० नावाचं यंत्र, त्याचं डोकं बंदुकीच्या बारानं मधोमध फाकतं, दोन्ही फाका लोंबतात आणि पुन्हा मिटतात, केससुद्धा विस्कटत नाहीत. पण आजीला जरासंधाचं काही पडलेलं नव्हतं. मी म्हटलं, राक्षसीण तर मग पूजा का करायची? ती म्हणाली, "पोर खाल्लं नाही ना तिनं. जोडलं. मग ती देवच."

मला तेव्हा लगेच अर्नोल्ड आठवला. मारायला बनवलेला आणि राखायला उभा राहिलेला. आईनं ओवाळलं, मी खिडकीबाहेर पाहिलं, पाऊस पडत होता. झोप लागेपर्यंत मी जागा राहायचा प्रयत्न केला. सकाळी दूधवाला आला.

त्या टी-१००० बद्दल मी मोठेपणी बरंच वाचलं. लहानपणी वाटायचं, सगळं कॉम्प्युटरनं केलंय. खरं तर संपूर्ण सिनेमात कॉम्प्युटरनं बनवलेली दृश्यं मोजकी काही मिनिटंच आहेत. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत डेनिस म्युरेनच्या हाताखाली ती झाली; चौकटीच्या फरशीतून वर उठणारा माणूस, जाळीच्या दारातून आरपार जाणारा माणूस. बाकीचा बराच भाग स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांच्या हातांचा. ते फाकलेलं डोकं म्हणजे बाहुलं. छातीवर गोळी लागली की उमलणारी चंदेरी फुलं म्हणजे कपड्याआड बसवलेली, कळ दाबली की उघडणारी रबरी उपकरणं. दृश्य परिणाम, रंगभूषा, ध्वनी आणि ध्वनिसंकलन अशी चार ऑस्कर मिळाली ती या सगळ्या हातांना.

आणि जुळी माणसं. यंत्र पहारेकऱ्याचं रूप घेतं आणि कॉफीच्या मशीनपाशी तो स्वतःलाच समोर पाहतो, तिथं डॉन आणि डॅन स्टँटन हे जुळे भाऊ आहेत. शेवटी पोलादाच्या कारखान्यात दोन सारा दिसतात. त्यातली एक लिंडा हॅमिल्टन, दुसरी तिची जुळी बहीण लेस्ली. मी आईला हे सांगितल्यावर ती कितीतरी वेळ हसऱ्या चेहऱ्यानं पडद्याकडे बघत राहिली. कॉम्प्युटरपेक्षा तिला सख्खी बहीण जास्त पटली. मलाही ते वाचलं तेव्हा असंच बरं वाटलं होतं.

लिंडा हॅमिल्टननं या भूमिकेसाठी काही महिने लष्करी शिस्तीचं प्रशिक्षण घेतलं होतं. ते दंड, ती मान, पलंग उभा करून त्याच्या पायाला लोंबकळत मारलेले जोर. मी वर्षानुवर्षं ते शरीरच बघत आलो. तिच्या डोळ्यांखालची झोप नसलेली काळी वर्तुळं मला या खेपेला दिसली.

हॉस्पिटलातून सुटल्यावर गाडीतला प्रसंग येतो. जॉन आणि अर्नोल्ड तिला सोडवतात, टी-१००० मागे पडतो, गाडी अंधारात धावतेय. ती पोराला जवळ ओढते. पोरगं तिला बिलगतं. तिचे हात त्याच्या पाठीवरून, खांद्यांवरून, डोक्यावरून फिरतात, आणि जॉनच्या लक्षात येतं की ही मिठी नाही. ती कुठं लागलंय का ते चाचपून बघतेय. मग ती रागावते. मला सोडवायला यायचा मूर्खपणा का केलास, तुझा जीव फार मोलाचा आहे, माझ्यासाठीसुद्धा तो धोक्यात घालायचा नाही. पोराच्या डोळ्यांत पाणी येतं. यंत्र विचारतं, तुझ्या डोळ्यांना काय झालं?

लहानपणापासून या जागी मला साराचा राग यायचा. इतकी कोरडी आई! तिच्यापेक्षा ते यंत्र बरं, निदान चौकशी तरी करतं. सिनेमाही आपल्याला तिकडेच ढकलतो, असं माझं मत होतं आणि मी ते मित्रांना पटवूनही दिलं होतं.

आई म्हणाली, "बरोबरच आहे की. मीपण तसंच करायचे. तू गच्चीच्या जिन्यावरून पडलास तेव्हा आधी हातपाय दाबून बघितले, आणि मग एक ठेवून दिली."

मला जिना आठवत होता, चापट आठवत होती. हात आठवत नव्हते.

मग मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं, आणि त्यानंतर आणखी एकदा. हॅमिल्टनचे हात किती भरभर फिरतात ते बघण्यासारखं आहे. कान, मान, बरगड्या. वर्ष-दोन वर्षं ज्या पोराला हात लावायला मिळाला नाही त्याची ती मोजदाद करतेय. दिग्दर्शकानं हातांवर स्वतंत्र क्लोजअपसुद्धा दिलेला नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

वाळवंटातल्या मुक्कामाचा भाग लहानपणी आम्हाला सुस्त वाटायचा. बंदुका पुरून ठेवलेलं तळघर तेवढं आवडायचं. तिथं सारा दूर बसून बघते, जॉन त्या यंत्राला टाळी द्यायला शिकवतोय, आणि ती मनाशी बोलते. हे यंत्र कधी त्याला सोडून जाणार नाही, कधी त्याला दुखावणार नाही, त्याच्यावर ओरडणार नाही, दारू पिऊन मारणार नाही, वेळ नाही म्हणणार नाही. इतकी माणसं बाप व्हायला आली आणि गेली, त्यात हेच एक त्या जागेला पुरून उरलं. या वेड्या जगात हीच सगळ्यात शहाणी निवड.

हे मी भाषांतर करून सांगितलं आणि मला स्वतःलाच भरून आलं. आमचे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामाची गाडी असली की दोन-दोन दिवस दिसायचे नाहीत, घरी असले की झोपलेले असायचे. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यंत्राला थकवा नाही रे. माणूस दमतो, आणि दमला की ओरडतो. त्याचं कसलं कौतुक, कधीच दमत नाही त्याचं?"

साराचं ते स्वगत कितीतरी वर्षं मला या सिनेमाचं हृदय वाटत आलंय. आईच्या एका वाक्यानं ते डळमळलं, आणि मला वाटतं सिनेमालाही ते आतून माहीत आहे. कारण लगेच पुढे, त्या शांत निवडीनंतर सारा टेबलावर डोकं टेकते आणि तिला ते स्वप्न पडतं. बागेत मुलं झोपाळ्यावर, घसरगुंडीवर. कुंपणाच्या जाळीला धरून ती ओरडतेय, आवाज फुटत नाही. आतली एक तरुण आई वळून बघते, ती ती स्वतःच आहे, वेट्रेसच्या जुन्या गणवेशातली, हसरी. तिच्याजवळचं बाळ म्हणजे लिंडा हॅमिल्टनचा स्वतःचा मुलगा. मग पांढरा उजेड. आई मान फिरवून बसली. मी आवाज बंद केला, पण ते दृश्य आवाजाशिवाय जास्तच भयंकर आहे.

जागी झाल्यावर सारा चाकूनं टेबलावर कोरते, नशीब नाही. पुरतं वाक्य असं, की आपण घडवू तेवढंच नशीब.

आईनं विचारलं, "सटवाईनं लिहिलेलं पुसता येतं म्हणते ती?"

"हो."

"आणि येतं का?"

त्यापुढचा प्रसंग हेच तिचं उत्तर होतं, म्हणून मी काही बोललो नाही. सारा एकटी निघते. ज्याच्या संशोधनातून पुढं ते संहारक यंत्र बनणार आहे त्या माइल्स डायसनला ठार मारायला. तो बिचारा घरात रात्री कॉम्प्युटरसमोर काम करतोय. त्याच्या पाठीवर लाल ठिपका फिरतो. त्याच्या मुलाची रिमोटची खेळण्यातली गाडी येऊन त्याच्या पायाला धडकते, तो खाली वाकतो आणि गोळी हुकते. मग ती घरात शिरते, काच फुटलेली, कागद उडालेले, तो रक्तबंबाळ होऊन जमिनीवर, आणि तो छोटा मुलगा धावत येऊन बापाच्या अंगावर पडतो. बाबांना मारू नका.

पुन्हा एक पाठ. या खेपेला ती पाच-सहा वर्षांच्या पोराची आहे, आणि समोर बंदूक धरलेली आई आहे. तोंडावर एक रेष हलत नाही, चाल मोजून मापून. पहिल्या भागातल्या मारेकऱ्यासारखीच. सिनेमाभर यंत्र माणसासारखं होत आलं आणि इकडं माणूस यंत्र होत होता. दोघांची गाठ इथं पडते. तिचं बोट घोड्यावर आहे. ते दाबलं जात नाही. ती भिंतीला टेकून खाली घसरते.

जॉन येतो तेव्हा ती त्याला म्हणते, तू मला अडवायला आलास. आणि मग, माझं तुझ्यावर प्रेम आहे, पहिल्यापासून होतं. तो म्हणतो, मला माहीत आहे. या वेळी तिचे हात काही चाचपत नाहीत.

आईनं पदर डोळ्यांना लावला होता. अर्नोल्डच्या सिनेमात आपण रडतोय याचं तिला काही वाटलं नाही, मलाही नाही.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. कॅलिफोर्नियातल्या फॉन्टानाच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात चित्रित केलेला, केशरी उजेडाचा. साखळीला धरून यंत्र वितळलेल्या पोलादात उतरतं, कारण शेवटची चिप त्याच्या डोक्यात आहे आणि ते स्वतः स्वतःला संपवू शकत नाही. साराला बटण दाबावं लागतं. त्याआधी ती त्याच्याशी हात मिळवते. हे हस्तांदोलन मी विसरूनच गेलो होतो, मला वर आलेला अंगठा तेवढा आठवायचा. आता मला अंगठ्यापेक्षा ते हात मोठे वाटतात. रस्त्याच्या दृश्यावर येणारं शेवटचं स्वगत, यंत्र शिकू शकतं तर आपणही शिकू, हे मात्र नसतं तरी चाललं असतं. हातांनी ते आधीच सांगितलं होतं.

या कथेचे पुढचे भाग मी पाहिले. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. २०२९ साल, जिथून ही सगळी यंत्रं मागे पाठवली जातात, तेही आता हाकेच्या अंतरावर आलं.

सिनेमा संपला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आई उठली. "त्या राक्षसाचं बरं झालं," म्हणाली, "पोर राखलं त्यानं." मी तिला जरेची आठवण करून दिली, आजीनं सांगितलेली. तिला ती गोष्ट त्या दिवशी सांगितलेली आठवत नव्हती, पण हात नकळत भिंतीकडे गेला. येताना तिनं कराडहून जिवतीचा कागद आणला होता आणि माझ्या फ्रीजशेजारी चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळी तिनं पुरणाचे दिवे केले. मला पाटावर बसवून ओवाळलं. धाकटा भाऊ मेलबर्नला असतो. मूल गावी नसेल तर आई चारी दिशांना अक्षता टाकते, जिथं असेल तिथं सुखी असू दे म्हणून. जिवतीच्या कहाणीत चोरीला गेलेल्या पोराची आई अशाच अक्षता टाकते आणि त्या बरोबर त्याच्या डोक्यावर जाऊन पडतात. आईनं हॉलच्या मधोमध उभं राहून पूर्वेला टाकल्या, पश्चिमेला टाकल्या, उत्तरेला टाकल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मेलबर्न कुठल्या बाजूला येतं रे?"

मी गॅलरीच्या दाराकडे बोट दाखवलं. ती मूठभर अक्षता घेऊन तिकडे गेली आणि तिनं दार उघडलं.